मशीनला पैसा आहे, तुरीला नाही

माझ्या मावसभावाची दाल मिल वर्षातून किती दिवस चालते, ते त्याच्या वीजबिलांवरून कळतं. गेल्या वर्षीची बारा बिलं मी त्याच्याच ओसरीत बसून ओळीनं लावली. फेब्रुवारी-मार्चचे युनिट बरे, एप्रिलचे निम्मे, आणि जूनपासून पुढे जवळजवळ नुसता स्थिर आकार. बाहेर टिनाच्या शेडमध्ये मशीन उभी होती. पट्टा उतरवून ठेवलेला, चाळणीवर ताडपत्री टाकलेली.

मशीन चांगली आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान गिरणीसाठी जी मिनी दाल मिल विकसित केली, त्याच धर्तीची. तूर चाळायची, रोलरवर तिला ओरखडे पाडायचे, तेल-पाणी चोळून पोत्याखाली मुरत ठेवायची, मग दोन-चार दिवस उन्हात पसरायची आणि पुन्हा मशीनवर घ्यायची. डाळ एकीकडे पडते, चुनी आणि टरफल दुसरीकडे. चुनी ढोरांना जाते, तिचेही पैसे होतात. पसरणं, वर-खाली करणं, खडा-डागी निवडणं ही सगळी कामं गावातल्या बायका करतात. मिल चालते तेव्हा सहा घरांत मजुरी जाते. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, तेव्हाची ती मजुरी असते.

मग जूननंतर ती बंद का? मागणी नाही म्हणून नव्हे. भावाला डाळ करता येत नाही असंही नाही. तिला दळायला तूर नसते, आणि तूर नसते कारण तूर विकत घ्यायला पैसा नसतो.

मी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात जमाखर्च लिहिण्याचं, जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो. त्याच्या जोडीला कर्जासाठी प्रकल्प अहवाल करून देतो. भावाचाही मीच केला होता. प्रकल्प 10 लाखांचा: 7 लाखांचं शेड आणि मशीन, 3 लाख खेळतं भांडवल, म्हणजे तूर घ्यायला आणि रोजचा खर्च भागवायला लागणारा पैसा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून प्रकरण मंजूर झालं. ग्रामीण भाग आणि ओबीसी अर्जदार, म्हणून 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के, बाकी बँकेचे. हे अनुदान उद्योजकाच्या हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. ते योग्यच आहे, नाहीतर माणसं अनुदान घेऊन मशीन विकून टाकतात. तसं करणारेही मी पाहिले आहेत.

आता त्या 3 लाखांचा हिशेब करू. तुरीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये. त्या दरानं 3 लाखांत साडेसदतीस क्विंटल तूर येते. मिल दिवसाला आठ क्विंटल घेते. म्हणजे पाच दिवसांचंही काम नाही. तूर घेतल्यापासून डाळ होईपर्यंत पाच-सहा दिवस जातात, आणि गावोगावचा किराणावाला डाळीचे पैसे पंधरा-वीस दिवसांनी देतो. गेलेला रुपया परत यायला महिना धरा. पाच दिवस काम आणि पंचवीस दिवस वाट. त्यात 2023 सारखं वर्ष आलं, जेव्हा तूर बाजारात दहा हजारांच्या वर गेली, तर तेवढ्याच पैशात तीसही क्विंटल येत नाही. भाव वाढला म्हणून बँकेनं कर्जाची मर्यादा वाढवली असं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि हे झालं हंगामातलं. तूर येते जानेवारी ते मार्च. त्यानंतर शेतकऱ्याकडे माल उरत नाही, जो असतो तो व्यापाऱ्याच्या गोदामात असतो आणि त्याच्या दरानं मिळतो. मिल वर्षाचे दोनशे दिवस चालवायची तर सोळाशे क्विंटल तूर लागते. त्यातली नुसती चौथाई, चारशे क्विंटल, हंगामात भरून ठेवायची म्हटली तरी 32 लाख रुपये पाहिजेत. सात लाखांच्या मशीनला 32 लाखांचा माल! शेतमालावर चालणारा कुठलाही उद्योग असाच असतो. कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी काढणं, असो, हळद दळायचं पल्व्हरायझर असो की संत्र्याचा रस असो, माल तीन महिन्यांत येतो आणि वापरायचा असतो बारा महिने. मधल्या नऊ महिन्यांचं भांडवल ज्याच्याकडे आहे, त्याचाच उद्योग टिकतो. अकोल्याच्या मोठ्या मिलवाल्यांकडे ते आहे. त्यांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे माल घ्यायला बँकेतून लागेल तसं उचलायच्या कर्जाची हद्द, कोटींत असते, गोदामं स्वतःची असतात. म्हणून आमच्या गावची तूर अकोल्याला जाते आणि डाळ होऊन, पाकिटात बसून गावच्या दुकानात परत येते. मजुरी, चुनी, नफा, सगळं वाटेत राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विदर्भाच्या ग्रामीण भागात विकासासाठीचा पैसा यंत्र विकत घ्यायला मिळतो, ते यंत्र चालतं ठेवायला मिळत नाही. आणि पैसा कसा दिला जातो हे आपण बदलत नाही, तोवर तो किती दिला याला फारसा अर्थ उरत नाही.

योजना थोड्या नाहीत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना 2020 ची, तिच्यात भांडवली खर्चावर 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख अनुदान. त्याच वर्षीचा कृषी पायाभूत सुविधा निधी 1 लाख कोटींचा, त्यात 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत. राज्याची मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती योजना 2019 पासून आहे. यातली कुठलीही उघडा, अनुदान भिंतीला, छपराला, यंत्राला चिकटलेलं दिसेल. कारण उघड आहे. भिंतीचा फोटो काढता येतो, यंत्राचं कोटेशन फायलीला लावता येतं, पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला दोन्ही दाखवता येतं. गोदामातली तूर आज असते, उद्या विकलेली असते. तिच्यावर पैसा द्यायचा तर देणाऱ्याला तुरीचा धंदा कळावा लागतो.

माल तारण ठेवून कर्ज मिळतं ना, असं कुणी म्हणेल. मिळतं, पण कोणाला? राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर-सोयाबीन ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी 6 टक्क्यांनी घ्या. योजना खरोखर चांगली आहे. पण ती शेतकऱ्यासाठी आहे, व्यापाऱ्याच्या मालाला त्यात जागा नाही. माझ्या भावाची स्वतःची चार एकर तूर तिथे चालेल. शेजाऱ्याची विकत घेतलेली तूर त्यानं नेली की तो व्यापारी ठरतो. साठेबाजांना सवलत मिळू नये हा नियमामागचा हेतू मला मान्य आहे. पण गावातच प्रक्रिया करणारा, दोनशे-चारशे क्विंटल घेणारा माणूस या नियमात कुठेच बसत नाही.

कर्ज देणाऱ्याला धंदा न कळण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये 15 लाखांच्या भांडवलावर कंपनी काढून नागपूरला गिरणी घातली, तीच पुढे एम्प्रेस मिल म्हणून 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. मुंबई सोडून ते इकडे आले, कारण कापूस इथे होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वे नागपूरपर्यंत पोचली होती. जागा दलदलीची होती. ती भरायला मातीत पैसे घालणाऱ्या माणसाला एका स्थानिक पेढीवाल्यानं कर्ज नाकारलं. टाटांच्या चरित्रात नोंद आहे की पुढे त्याच पेढीवाल्यानं कबूल केलं, या माणसानं माती घातली आणि सोनं काढलं. टाटांकडे मुंबईचं भांडवल होतं, म्हणून नकार पचला. आमच्याकडच्या पोरांना नकार मिळाला की ती पुण्याला जातात, चाकणला किंवा हिंजवडीला, आणि परत येत नाहीत.

इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात पैसा आला तो कापूस बाहेर नेण्यासाठी. 1870 मध्ये खामगावची रेल्वे व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. आमच्या मूर्तिजापुरातून पूर्वी अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे ब्रिटिश कंपनीच्या भांडवलावर उभी राहिली, कापसाच्या गाठी मुख्य लाईनवर आणण्यासाठी. ते भांडवल धीराचं होतं, दीर्घ मुदतीचं होतं, पण त्याची दिशा बंदराकडे होती.

स्वातंत्र्यानंतर ही दिशा बदलायचा प्रयत्न झाला, तो मनापासून झाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं. राज्य वित्तीय महामंडळही त्याच वर्षीचं. 1964 मध्ये उद्योगांना कर्ज देणारी केंद्राची आयडीबीआय स्थापन झाली आणि राज्यानं मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली, 1966 मध्ये राज्याची गुंतवणूक संस्था सिकॉम आली. यातल्या वित्तसंस्थांचं काम ठेवी गोळा करणं नव्हतं. कारखान्याला सात-दहा वर्षांच्या मुदतीचा पैसा देणं आणि तो चालतो का ते पाहणं हे त्यांचं काम होतं. त्यांना हा पैसा स्वस्तात मिळत होता, रिझर्व्ह बँकेकडून आणि सरकारी हमीच्या रोख्यांतून. 1991 नंतर तो स्वस्त पैसा आटला. आयसीआयसीआय ही तशीच दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी संस्था 2002 मध्ये आणि आयडीबीआय 2004 मध्ये रीतसर बँक झाली. ठेव एक वर्षाची आणि कर्ज दहा वर्षांचं, हे ओझं साध्या व्यापारी बँकांवर आलं. केंद्रानं 2021 मध्ये पायाभूत सुविधांसाठी नवी विकास वित्त बँक काढली. ती महामार्ग आणि वीजप्रकल्पांसाठी आहे. सिडबी लघुउद्योगांची म्हणून 1990 पासून आहे, पण तालुक्याच्या गावाहून तिचं दार फार लांब पडतं. पूर्वीच्या राज्य महामंडळांकडे कर्ज मागायला गेलेला तरुण तर मी माझ्या वीस वर्षांच्या कामात पाहिला नाही.

सहकाराचा मार्गही आपण चालून पाहिला. कापूस पिकवणाऱ्यांच्या सूतगिरण्यांसाठी राज्याचं सूत्र होतं 5:45:50. सभासदांचे 5 टक्के, सरकारचं भागभांडवल 45, बाकी 50 टक्के कर्ज. कल्पना फार मोठी होती: कापूस पिकवणाऱ्यानंच सूत काढावं. पण ज्या संचालकांच्या पदरचे शंभरातले पाच गुंतले आहेत, ते गिरणी बुडाली तर किती हळहळणार? विदर्भातल्या कितीतरी गिरण्यांच्या भिंती आज नुसत्या उभ्या आहेत, आणि त्यांतलं मोठं भांडवल तुमच्या-माझ्या करातलं होतं. म्हणून 'सरकारनं पैसा द्यावा' एवढंच म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहत नाही. तो पैसा पाहणारं जवळचं कुणीतरी असलं पाहिजे, आणि घेणाऱ्याचं स्वतःचं काही त्यात अडकलेलं असलं पाहिजे.

राज्याची आजची सामूहिक प्रोत्साहन योजना कोणाच्या उपयोगी पडते तेही पाहावं. विदर्भाला तिच्यात झुकतं माप आहे, हे नाकारण्याचं कारण नाही. वीजदरात सवलत मिळते, लहान उद्योगाला व्याजाचं अनुदानही आहे. पण मुख्य रक्कम येते राज्यात विकलेल्या मालावर भरलेल्या राज्य जीएसटीच्या परताव्यातून. आता 30 किंवा 50 किलोच्या कट्ट्यातून विकलेल्या डाळीवर जीएसटीच नाही. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटाला 5 टक्के लागू झाला, मोठ्या कट्ट्याला नाही. मग कर नाही तर परतावा कसला? शिवाय डाळ बऱ्हाणपूरला किंवा आदिलाबादला गेली, तर ती विक्री राज्याबाहेरची. म्हणजे जो उद्योग गावातलंच पीक घेऊन गावातच मजुरी देतो, त्याच्याजवळून योजनेची मोठी रक्कम नुसती निघून जाते. सिमेंट, पोलाद, रसायनं यांना ती पुरेपूर मिळते. गडचिरोलीत लोहखनिजावर कारखाना उभा राहतो, अमरावतीजवळ पीएम मित्र वस्त्रोद्यान येतंय, त्याचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात झालं. हे व्हायलाच पाहिजे. पण दर्यापूर किंवा मानोऱ्याच्या पोराला तिथे नोकरी मिळाली तरी खोली भाड्यानं घ्यावी लागते, आणि गाव तेवढंच रिकामं होतं.

बँकांची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती खोटी नाही. शाखा व्यवस्थापक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. बऱ्याचदा तो परराज्यातला असतो, तूर कधी येते हे कळेपर्यंत त्याची बदली होते. त्याच्यावर वसुलीचा दबाव असतो, नव्वद दिवस हप्ता चुकला की खातं थकीत. हंगामी धंद्याला मासिक हप्ता लावायचा आणि मग तो चुकला म्हणून सिबिल बिघडवायचं, यात त्या एकट्या माणसाचा दोष नाही. कर्जमाफीच्या घोषणांनी परतफेडीची सवय मोडली, असंही बँकवाले म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण याच गावांतल्या बचत गटांच्या बायका 1992 पासून बँकेचं कर्ज घेतात आणि दर आठवड्याच्या बैठकीत वहीवर सही करून फेडतात. तेव्हा 'वऱ्हाडातला माणूस कर्ज बुडवतोच' हे जे सहज बोललं जातं, ते मी ऐकून घेणार नाही. ज्या कर्जाची मुदत आणि हप्ता कमाईच्या वेळेला धरून ठेवलेला असतो, ते फिटतं.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. बँकांनी एकूण कर्जाच्या 40 टक्के शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला द्यावेत असा नियम आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांची तूट 1995-96 पासून नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीसारख्या निधींत जमा होते, त्यातून राज्यं रस्ते आणि पूल बांधतात. रस्ता चांगलाच. पण शेतकऱ्याला, लहान उद्योगाला जे कर्ज मिळायला हवं होतं, त्याचा पूल झाला, आणि त्या पुलावरून आमची तूर अकोल्याला लवकर पोचते. हा व्यवहार चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण तूट भरून निघाली असं कुणी समजू नये.

1984 च्या दांडेकर समितीनं विदर्भाचा अनुशेष मोजला तेव्हा रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशी क्षेत्रं मोजली. उद्योगाला मिळालेलं कर्ज त्यात मोजलेलं नव्हतं. अजूनही आपण नीट मोजत नाही. जिल्ह्यातल्या ठेवी आणि कर्जांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली गेलं की विशेष उपसमिती नेमावी, असं रिझर्व्ह बँक सांगते. पण त्या कर्जात पीककर्ज, सोनेतारण, मोटारसायकलचं कर्ज, घराचं कर्ज सगळं एकत्र असतं. त्यातून गावात धंदा उभा राहिला का, हे कळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत वाचला जाणारा आकडा असतो 'उद्दिष्ट इतकं, मंजूर प्रकरणं इतकी'. माझी मागणी आहे की त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्यांपैकी आज किती चालू आहेत आणि गेल्या वर्षी किती दिवस चालले. हे कळायला वीजबिल पुरतं. महावितरणकडे सगळं आहे, कुणाला वेगळा सर्व्हे करावा लागणार नाही.

तो रकाना आला की बाकीचं आपोआप पुढे येईल. शेतमालावरच्या उद्योगाला जानेवारी ते मार्च वाढणारी आणि पुढे विक्रीबरोबर उतरणारी कॅश क्रेडिट मर्यादा द्यावी. ती द्यायची तर माल कुठेतरी बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात असावा, त्याची इलेक्ट्रॉनिक पावती तारण घेता येते, 2007 च्या वखार कायद्यानं तसा मार्ग केलेला आहे. अडचण एवढीच आहे की मान्यताप्राप्त गोदाम बहुतेकदा वीस-तीस किलोमीटर लांब असतं आणि चाळीस क्विंटलसाठी तिथे ये-जा परवडत नाही. म्हणून गोदामाचा पैसा गावाच्या जवळ खर्च व्हावा, शेतकरी कंपन्यांच्या ताब्यात, आणि तिथे लहान गिरणीवाल्याच्या मालालाही पावती मिळावी. अनुदानाचा थोडा वाटा यंत्राऐवजी पहिल्या नुकसानीच्या हमीसाठी, म्हणजे कर्ज बुडालं तर पहिला फटका सोसायला, ठेवावा, म्हणजे बँकेला 3 लाखांच्या जागी 15 लाख देताना हात आखडावा लागणार नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 10 लाखांपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2010 मध्येच निघाला, तरी माझ्या टेबलावर अर्जाबरोबर सात-बारा येतोच. मी विचारतो, कशाला आणला? पोरगा म्हणतो, "राहू द्या भाऊ, ते मागतातच."

भावानं आता दुसरा मार्ग धरला आहे. लोकांची तूर मजुरीवर भरडून देतो, क्विंटलमागे ठरलेली रक्कम घेतो. स्वतःची तूर घ्यावी लागत नाही, म्हणून भांडवल लागत नाही. घरापुरती डाळ करून न्यायला बायका दोन-दोन पायल्या घेऊन येतात. हप्ता निघतो. पण ती सहा घरांची मजुरी दोन घरांवर आली आहे, आणि त्याचा मोठा मुलगा बारावीनंतर रांजणगावला जायचं म्हणतोय.

गेल्या आठवड्यात रिसोडकडची एक मुलगी आली होती, सोबत वडील. हळदीचं पल्व्हरायझर आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, कोटेशन हातात. रिसोड-सेनगावच्या पट्ट्यात हळद भरपूर, ती बाजारात येते मार्च ते मे. मी कोटेशन बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. महिन्याला किती पोती दळणार, दळताना किती वाया जाणार, दुकानदार किती दिवसांनी पैसे देणार, मे महिन्यात किती भरून ठेवावी लागेल. तिला बहुतेक उत्तरं येत होती, तिच्या घरी हळद उकडण्याची भट्टी आहे. बेरीज केली तेव्हा खेळतं भांडवल मशीनच्या चौपट निघालं. वडील म्हणाले, "एवढं लिहिलं तर बँक देईल का?" मी म्हटलं, खरं आहे ते लिहू. अर्ज सोमवारी शाखेत जातोय, त्या कागदासकट.